डाव्या हाताचा निबंध

ता. ९ मे

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. बिट्टीचा खोकला गेला, पोटभर जेवते, वेळेवर झोपते. भाऊजींची पाठ आता बरी असेल. झाली विचारपूस.

तुझं पत्र मिळालं. "माझ्या लेकीला तू तुझ्या त्या मंद मुलांत बसवतेस, डिग्री डोक्यात गेलीय तुझ्या." हो, गेलीय. आपल्या घरात पहिल्यांदाच आली होती, कुठेतरी जाणारच! आणि माझी मुलं मंद नाहीत. त्यांना अक्षरं उशिरा सापडतात, एवढंच. बिट्टीलाही. तुला हे ती दुसरीत असल्यापासून ठाऊक आहे, म्हणून तर तू तिचं लिहायला लागलीस.

तेही काय शिताफीने! डाव्या हाताने, म्हणजे अक्षर पोरीचं वाटावं. अगं, पण 'माझी आई' हा निबंधसुद्धा तूच लिहावास? 'माझी आई दिसायला सुंदर आणि मनाने त्याहून सुंदर आहे.' स्वतःबद्दल हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही? परीक्षकांनी पहिला नंबर दिला. धन्य ते परीक्षक!

मग वर्गाच्या बाईंनी तिला स्टेजवर वाचायला उभं केलं. पोरगी कागद धरून गप्प. तू पहिल्या रांगेतून ओठ हलवून वाक्यं पुरवत होतीस आणि भाऊजी मोबाइलवर शूटिंग करत होते. कसली हौस! खाली उतरल्यावर तिने मला हळूच विचारलं, "मावशी, बक्षीस आईला देऊ का?"

म्हणून सुट्टी लागताच तिला इथे आणली.

आमच्या सुट्टीतल्या वर्गात वही नंतर येते. आधी बादली आणि रंगाऱ्याचा जुना ब्रश. मुलं गच्चीच्या फरशीवर पाण्याने लिहितात. चुकलं तरी कुणी लाल शाई घेऊन येण्याआधी वाळून जातं. बिट्टी सुरुवातीला नुसत्या रेघा ओढायची आणि सारखी माझ्याकडे बघायची, मी ब्रश काढून घेते का म्हणून. ही सवय कुणाची, ते सांगत बसत नाही.

काल तिने एक आख्खी ओळ लिहिली. दोन अक्षरं उलटी, एक गाळलेलं. मी वाचली. ती म्हणाली, "आईला सांगू नको. ती चांगलं करून लिहील."

म्हणून ओळ काय होती, ते सांगत नाही.

तू रविवारी न्यायला येणार म्हटल्यावर ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. खरं तर पत्राची सुरुवात इथूनच करायची होती. धीर झाला नाही, खोकल्याच्या बातमीवर निभावलं.

मला पहिलं अक्षर तूच शिकवलंस, ताई. हात धरून गिरवून घ्यायचीस आणि मग हळूच सोडून द्यायचीस. वाकडं आलं तर हसायचीस, पण पुसायची नाहीस. तीच ताई पोटच्या पोरीला ओळ लिहू देत नाही, याची मला चीड येते.

रविवारी ये. दुपारी, उन्हात. पेन घरी ठेव. ती लिहील, तू उभी राहून वाच. चूक दिसली तर गिळून टाक. तेवढं जमणार नसेल, तर येऊ नकोस.

आणि वेळेवर ये. ओळ फार वेळ थांबत नाही.

जिला तू लिहू दिलंस, ती
तुझी धाकटी