तृप्तीचं घड्याळ पुढं पळतं

७ जानेवारी, मंगळवार

घड्याळातला तिसरा आकडा विझत चाललाय. सकाळी दुकानात यायच्या आधी नजर गेली — बाकी तीन लालभडक, हा एकटाच मळकट. वाटलं चष्मा खराब. पुसून पाहिला. चष्मा बराबर होता.

बायकोला, बेबीनंदाला, बोललो न्हाई. ती रोज त्याच्याच खाली बसून भाजी निवडती, तिला दिसलं नसंल असं होणारच न्हाई. पण ती पण बोलली न्हाई.

तृप्तीनं हे घड्याळ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना केलं. दिवाळीच्या सुट्टीला आल्ती. मिठाईचा डबा कापून त्यात चार आकडे बसवले, मागं नुसतं वायरींचं जाळं. वेळ लावायची बटणं राहिली होती. म्हणून मंग रात्री बाराच्या ठोक्याला पिन खोचली, म्हणजे शून्य-शून्यपासून आपोआप बराबर चालू. "बटणं पुढच्या सुट्टीत लावते, पप्पा." फेब्रुवारीत डेंग्यू झाला आन् गेली.

तेव्हापासून ते बंद पडलेलं न्हाई. रोज मिनिटभर पुढं पळतं, आता सात तासांच्या वर पुढं गेलंय. बटणं न्हाईत, मागं आणायची सोय न्हाई. बंद केलं की परत शून्य — म्हणजे तिच्या हातानं चालू झालेलं संपलं. बेबीनंदाला ते सोसायचं न्हाई. म्हणून मी त्याला वेगळी बॅटरी जोडून दिली. वडीगोद्रीची लाइट दिवसातून दहा वेळा जाऊ दे, त्याला पत्ता लागत न्हाई.

८ जानेवारी

संध्याकाळी पाचच्या सुमाराला चहा घेत होतो. बेबीनंदा वर बघून म्हणली, "तृप्तीकडं बारा वाजले. झोपली असंल."

मी टीव्हीचा आवाज बारीक केला.

वेड्याचा बाजार झालाय घराचा. पण बाईचं मन आहे, आपण कशाला मोडायचं.

१० जानेवारी

आकडा अजून मंद. चारचा एक वाटतो, पाचचा काय वाटतो ते विचारू नका.

मी मोटरी भरणारा माणूस. जळालेली मोटर नुसत्या वासावर ओळखतो. पण ह्या डब्यात माझी अक्कल चालत न्हाई. शेजारच्या मोबाइल दुकानातल्या अबुबकरला बोलावलं. त्यानं मोबाइलवर हळू चालणारा व्हिडिओ काढला आन् माझ्यापुढं धरला. चारातला एकच आकडा पेटलेला, तीन काळे. मंग तो विझला, दुसरा पेटला. मंग तो विझला.

"चाचा, चारो एकदम पेटतच न्हाईत. बारी-बारीनं. एवढ्या जल्दी फिरतात की डोळा फसतो. प्रत्येकाला पाळी देणारं एक बारीक ट्रान्झिस्टर हाय, तिसऱ्याच्या पायाचा टाका सुटला असंल. बंद करा, सोल्डर मारतो. दोन मिनिटं."

म्हणलं, बंद करायचं न्हाई.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, बॅटरीकडं पाहिलं. काही न विचारता गेला. चांगलं पोरगं आहे.

तृप्तीनं मला हेच सांगितल्तं. "एका वेळी एकच पेटतो, पप्पा." मी रोटर घासत होतो, नुसतं हं म्हणलो. आता डोळ्यांपुढून तो व्हिडिओ जात न्हाई. वर्षभर आम्ही दोघं ज्याच्याकडं बघून राह्यलो, ते जास्त वेळ काळंच होतं.

१३ जानेवारी

जेवताना तिसरा आकडा पार गेला. मधे नुसतं भोक.

ताट अर्धं टाकलं. बेबीनंदानं ते उचललं.

१५ जानेवारी

बेबीनंदा हसनाबादला बहिणीकडं गेली, संक्रांतीचं वाण घेऊन. दोन दिवस. जाताना म्हणली, "त्याला काही करू नका हं."

मी म्हणलं, न्हाई करत.

१६ जानेवारी, गुरुवार

केलं. आन् घात झाला.

सकाळी चालू घड्याळातच टाका मारायला गेलो. सोल्डरची टीप घसरली, दोन टाके एकमेकांना चिकटले. सगळं काळं. मंग एकदम शून्य शून्य, मधे भोक, शून्य — लख्ख. पुढच्या मिनिटाला एक. जसं काही झालंच न्हाई.

मी पिन उपटली आन् खाली बसलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, आज रडलो. मोठ्यानं.

बंद असल्यावर टाका पहिल्याच झटक्यात नीट बसला. तेवढ्यात रामराव पाण्यातली मोटर न्यायला आले. "भुजंगराव, शटर अर्धं का?" म्हणलं, जरा बरं न्हाई, उद्या या. ते गेल्यावर डोक्यात आलं. घड्याळ बंद पडून शून्यावरच येतं ना? मंग शून्यावर यायची त्याची वेळ होऊ दे. बसून राहिलो. जेवलो न्हाई. पाच वाजायच्या थोडं आधी, तिच्याकडं बारा वाजले तसं पिन खोचली.

बराबर चालू झालं. कुणाला कळायचं न्हाई.

पण घरात कसंतरी होतंय. भिंतीवर तोच डबा, तेच आकडे, आन् आत ती न्हाई. कुणी दुसरंच येऊन तिच्या जागी बसल्यासारखं. त्याच्याकडं पाठ करून बसलो.

१७ जानेवारी

बेबीनंदा आली. पिशवी ठेवायच्या आधी वर पाहिलं. तिसरा आकडा लख्ख.

"दुरुस्त झालं का."

"हं. अबुबकरनं केलं. चालूच ठेवून." खोटं इतकं सहज येईल वाटलं नव्हतं.

पाच वाजता ती म्हणली, "तृप्ती झोपली असंल." मला टीव्हीचा आवाज कमी करवला न्हाई. उठून दुकानात आलो, उगीच तार गुंडाळत बसलो. वर्षभर तिला जपलं आन् आता तिला रोज फसवायचं. हे माझ्यानं निभणार न्हाई.

१९ जानेवारी, रविवार

सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती, थांबली न्हाई.

"श्रावणात तुम्ही तार आणायला जालन्याला गेल्ते," म्हणली. "तवा बॅटरीतलं पाणी आटून ते बंद पडल्तं. तिचे बारा वाजेस्तोवर पिन हातात धरून बसले मी, मंग खोचली. तुम्ही घरात आले की आधी तिकडं बघता. बंद दिसलं असतं तर तुमचं काय झालं असतं?"

म्हणजे गुरुवारी माझ्या हातानं जे मोडलं, ते तृप्तीनं लावलेलं नव्हतं. बेबीनंदानं माझ्यासाठी लावलेलं होतं.