सहा दातांची किल्ली

मी, नेव्हिल आर्थर प्रॉसर, वय सत्तावन्न, धंदा कुलूप-किल्ल्या (कोणाकडेही न शिकता), राहणार लिथगो, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मंगळवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. म्हणूनच लिहितो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या.

१. राहते घर आणि बचत पत्नी ग्लेनिस हिला. किल्ली आधी अर्धा फेरा उलट फिरवल्याशिवाय मागच्या दाराचे कुलूप उघडत नाही, हे तिला माहीत आहे. शेजारचे डग हेफर्नन यांनाही ते माहीत आहे, हे मला नुकतेच कळले.

२. दुकानातली सर्व हत्यारे भाची टेसा हिला. कानशी एकमेकींवर घासतील अशा ठेवू नयेत. तिला सांगून झाले आहे, तरी लिहून ठेवतो.

३. 'कॉल्डर स्टेशन' या अंतराळातल्या बंदराच्या मालिकेवर मी बावीस वर्षे लिहिलेल्या अकरा वह्या आमच्या प्रेक्षक मंडळाला. मूळ मालिकेचे एकशे चोपन्न भाग क्रमाने पाहिल्याखेरीज नव्या माणसाने तिच्यातून निघालेली 'गोदी नऊ' पाहू नये, हा मंडळाचा नियम माझाच. सभासद आता चार उरले आहेत.

ग्लेनिसने मूळ मालिकेचा एकही भाग पुरा पाहिलेला नाही. 'गोदी नऊ'च्या पहिल्या भागाला मात्र ती आपणहून माझ्या शेजारी बसली. मी संदर्भ सांगू लागलो. विसाव्या मिनिटाला ती म्हणाली, "नेव्ह, मला गोष्ट बघायचीय, परीक्षेला नाही बसायचं." पुढच्या गुरुवारपासून मी मंडळात जाऊन पाहू लागलो. घरी सोफ्यावर माझ्या जागी डग बसू लागले.

४. सदर डग हेफर्नन, निवृत्त बेकर, विधुर, दर गुरुवारी लॅमिंग्टनचा, म्हणजे खोबऱ्यात घोळवलेल्या केकचा, डबा घेऊन हजर, यांना काहीही नाही. खात्री म्हणून त्यांनाच पहिला साक्षीदार करीत आहे. आमच्या राज्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातून सहसा काही मिळत नाही. हे मी कायद्याच्या पुस्तकात स्वतः वाचले.

५. काचपेटीतली किल्ली. मूळ मालिकेतल्या गोदीची ही किल्ली मी पडद्यावरचे चित्र थांबवून थांबवून, हाताने घडवली. दात सहा. नव्या मालिकेत त्याच किल्लीला पाच दात आहेत. निर्मात्यांना दोन पत्रे लिहिली, उत्तर नाही.

आठव्या भागाच्या दिवशी मला धाप लागली म्हणून मंडळात न जाता घरी परतलो. दिवाणखान्यात दोघे बोलत होते. मी स्वयंपाकघरात थांबलो. पडद्यावर गोदीची म्हातारी रखवालदारीण किल्ली परत करीत होती.

"ही म्हातारी कोण गं?" डग.

"मला काय माहीत. जुनी असणार."

"नेव्हला विचारायचं?"

"नको रे बाबा. तो तिच्या बारशापासून सुरू करेल."

दोघे हसले. मग ग्लेनिस हळूच म्हणाली, "बघ, किल्ली ठेवली, पण हात उचलवत नाहीये तिला."

तिने नाक पुसले. डग म्हणाले, "बेकरीची किल्ली मी अशीच दिली होती."

मी दाराच्या फटीतून दात मोजत होतो. हाताकडे माझे लक्षच गेले नव्हते.

त्या रखवालदारणीला मी बावीस वर्षे ओळखतो. तिच्या आईचे नाव, तिच्या बदल्यांची वर्षे मला पाठ आहेत. ती आठ भागांत या दोघांच्या घरची झाली. माझ्या बायकोला इतके बारीक दिसते, हे मला शेजाऱ्याशी चाललेल्या तिच्या बोलण्यातून कळावे, याचा जो जळफळाट झाला त्याला या कागदावर जागा नाही. नव्या माणसाला 'गोदी नऊ' कळते का, या मंडळातल्या वादावर माझे लेखी उत्तर: कळते. नियम मागे घेतो. खुशीने नव्हे.

सदर किल्ली ग्लेनिसला. काल मी तिचा सहावा दात कानशीने उतरवला. आता ती ग्लेनिसने पडद्यावर पाहिली तशी आहे.

६. कलम चारमध्ये दुरुस्ती. माझी आरामखुर्ची डग यांना. ती याच घरात, सोफ्यापासून एक मीटर वीस सेंटिमीटर अंतरावर राहील. फरशीवर खुणा केल्या आहेत. दर गुरुवारी त्यांनी तिच्यातच बसावे. मंगळवारी मी वाचलो, तर सोफ्यावरची जागा माझी आहे. मी बोलणार नाही.

ठिकाण: लिथगो. शुक्रवार, दि. ९ ऑगस्ट २०२४.
सही: ने. आ. प्रॉसर

साक्षीदार:
१. ~~डग हेफर्नन~~ (सह्या होण्यापूर्वी मीच खोडले. त्यांनी सही केली तर खुर्ची जाईल. ने. आ. प्रॉ.)
त्यांच्याऐवजी: मर्ना क्विल्टी, औषधविक्रेती
२. इयोन टुलक, टपाल कर्मचारी