दोर धरणाऱ्यांचा क्लब

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू मधेमधे बोलतोस, म्हणून. लहानपणापासून माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. आता परगावी हॉटेलच्या खोलीत बसून निमूटपणे शेवटपर्यंत वाच. दौरा कसा चाललाय? तुझी टीम दुसरा सामनाही हरली असं कळलं. वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू?

क्लबच्या पन्नाशीच्या रखडलेल्या स्मरणिकेसाठी तू माझ्याकडे बाबांच्या आठवणी मागितल्या होत्यास. दोन परिच्छेद पुरेत, आणि ताई, जरा गोड लिही, अशी वर सूचना. घे, लिहिते. रंगखान्यातल्या माणसांना गावातल्या मोठ्या मैदानावर कुणी उभं करत नव्हतं. कोपरापर्यंत हात निळे नाहीतर लाल. चेंडू मळेल म्हणायचे. मग बाबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मालकाशी हुज्जत घालून रंगखान्यामागची खाचखळग्यांची जागा मिळवली. अर्धं वर्ष क्रिकेट, अर्धं वर्ष हॉकी असं ठरलं, कारण निम्म्यांना हे येत होतं आणि निम्म्यांना ते. रंगाचं एक गळकं लोखंडी पिंप काँक्रीटनं भरून त्याचा रोलर केला. बाबा रंगखान्याचे सुतार, तेव्हा हॉकीच्या गोलाचे खांब त्यांच्याकडे आले. ते त्यांनी घराच्या अंगणातच रंधले. आईचं वाळत घातलेलं धुणं भुशानं माखलं, आणि ती कितीतरी दिवस त्यांच्याशी भांड्यांच्या आदळआपटीतूनच बोलत होती.

काम कधी असायचं, कधी नसायचं, म्हणून वर्गणी नकोच असं त्यांनी ठरवलं. हंगामाच्या पहिल्या रविवारी रोलरला दोर बांधायचा. जो कुणी दोर धरून मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढील, तो त्या वर्षाचा सभासद, मत त्याचंच. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दोराला हात लावून चार पावलं चाललं तरी चालायचं. पण जो आलाच नाही, तो नाही. एका वर्षी खुद्द मुकादम झोपून राहिला. मग पुढच्या हंगामापर्यंत बिचारा कुंपणाबाहेर उभा राहून सामने बघायचा आणि आतल्यांना शिव्या घालायचा. बायकांनी दोर धरला तेव्हा कुरकूर झाली, तर बाबा म्हणाले की रोलर जड आहे, कुणाचे हात आहेत ते त्याला कळत नाही. मला गोलात उभी केली तीही त्यांनीच. जुन्या गादीचा कापूस भरून पायाला पॅड शिवले. धावताना मी इतकी फेंगडी दिसायचे की तू मला बदक म्हणायचास. याच बदकानं अंगणात तुला दिवसदिवस चेंडू टाकले, म्हणून तू फलंदाज झालास. ते स्मरणिकेत येणार नाही, मला माहीत आहे.

मग तू अध्यक्ष झालास आणि शेफारलास. मोटारीचा रोलर आणलास, हार घालून त्याच्यासोबत फोटो काढलास, आणि दोर ओढायची आता गरज नाही, आपण काही बैल नाही, म्हणालास. सगळे हसले. मीही हसले. पुढच्याच वर्षी हॉकी बंद. म्हणे गवत खराब होतं! पोरी काठ्या घेऊन फाटकाशी आल्या आणि तुझ्या पहारेकऱ्यानं त्यांना आत सोडलं नाही. ज्यांना मी गुडघे फुटेपर्यंत गोल अडवायला शिकवलं, त्या पोरी रे. आणि खांब? ते तू करवतीनं कापलेस. बाबांच्या हातचे खांब, तुमच्या फलंदाजांना चेंडू नीट दिसावा म्हणून त्या पांढऱ्या पडद्याच्या चौकटीला लावलेस. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या खिडकीतून मैदान दिसायचं, हे तुला ठाऊक नव्हतं असं सांगू नकोस. त्याच खोलीत वाढलास तू. खांब कुठे गेले गं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, वाळवी लागली होती, बाबा. सागाला वाळवी कशी लागली, म्हणून तो माणूस दिवसभर विचार करत पडला होता. त्या दिवशी मी ठरवलं की तुझं उट्टं काढायचं, आणि घाई करायची नाही.

तेव्हापासून दर हंगामाच्या पहिल्या रविवारी आम्ही जुना रोलर काढत आलो. मी, माझ्या बरोबरीच्या खेळाडू, त्या पोरी, रंगखान्यातले उरलेसुरले म्हातारे. तू पॅव्हेलियनमधून ओरडायचास, ताई, वजन उतरवायला बरंय हो! तुझं आख्खं मंडळ खुर्च्यांवर बसून खिदळायचं. तुमच्यातला एकही खाली आला नाही, आणि मीही कुणाला बोलावलं नाही. हसा म्हटलं, पोटभर हसा.

पण खरी मदत तूच केलीस रे! पन्नाशीच्या समारंभात, गावच्या बड्या पाहुण्यांसमोर, माईकवर गळा काढून दोराची गोष्ट सांगितलीस. डोळेसुद्धा पुसलेस. आमच्या पूर्वजांचा तो नियम आजही जसाच्या तसा आहे, आम्ही त्याला धक्का लावलेला नाही, असं म्हणालास आणि टाळ्या घेतल्यास. खरंच होतं ते. नियम बदलायची तसदीच तू कधी घेतली नव्हतीस. मी पहिल्या रांगेत बसून तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

परवाच्या रविवारी वार्षिक सभा झाली. तू दौऱ्यावर, सभा म्हणजे चहा-बिस्किटं, तुझे उपाध्यक्ष उरकतील, असा तुझा हिशोब. मी उठले आणि एवढंच विचारलं, की यंदा दोर कुणी धरला होता, त्यांनी हात वर करा. आमचे हात वर गेले. तुझे उपाध्यक्ष बिस्कीट तोंडात धरून तसेच बसले. तुझा तो वकील मित्र नियम जुना आहे म्हणून तणतणला, तर म्हातारा रंगारी म्हणाला, अहो, महिन्यापूर्वी तुमच्याच अध्यक्षांनी भर सभेत रडून सांगितलाय! मग मतदान झालं. हॉकी सुरू. तू अध्यक्ष नाहीस, सभासदही नाहीस. अध्यक्ष मी आहे. काय गार वाटलं म्हणून सांगू!

हे सगळं तुला उपाध्यक्षांनी फोनवर रडून सांगितलंच असेल. त्यासाठी मी शाई घालवली नसती. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. बाबा गेले तेव्हा तू मला पुन्हा पुन्हा विचारलंस, माझ्यासाठी काही म्हणाले का? मी नाही म्हटलं. म्हणाले होते. शेवटच्या सकाळी खिडकीकडे बघत म्हणाले, खांब नव्यानं करायला हवेत, धाकट्याला सांग, तो करील, त्याचा हात माझ्यासारखा आहे. ते कापणारा तूच, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी कळू दिलं नाही. त्यांच्यासाठी, तुझ्यासाठी नव्हे. आणि निरोप तुला दिला नाही, कारण तू दोन अश्रू ढाळून ते काम कंत्राटदाराला दिलं असतंस. आता देते. लाकूड मी आणलं, रंधा मी मारला, बाबांच्याच हत्यारांनी. आज सकाळी खांब उभे केले, पोरींनी पांढरा रंगही दिला. एवढं एकच काम बाबांनी तुझ्यावर सोपवलं होतं, आणि ते आता शिल्लक नाही.

तुझीच, नाइलाजानं का होईना,
ताई