कोपरावरचं अ‍ॅसिड

३ जुलै
नातीला शुगर निघाली. वय नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाइप वन. अंगाची राखण करणाऱ्या पेशींनीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना चोर समजून मारलं. म्हणजे वॉचमननेच घरच्यांना बडवलं. असला वॉचमन आमच्या घराण्यात नाही. तिथंच सांगून मोकळा झालो. सून खाली बघत होती.

५ जुलै
बाईंना विचारलं, मी जन्मभर गाड्यांच्या बॅटऱ्या चार्ज केल्या, हिची आतली होणार नाही का? नाही म्हणाल्या. इन्सुलिन रोज बाहेरूनच. गोड खाऊन हे होत नाही, कुणाचा दोष नाही. थोडं रक्तातून येतं, आईकडून, वडिलांकडून किंवा दोन्हीकडून. पुढे निमित्त कशाचं होतं, ते नक्की सांगता येत नाही. मी ‘आईकडून’ एवढं लक्षात ठेवलं.

७ जुलै
सकाळी चहाच्या वेळी सुनेच्या माहेरची चौकशी केली. मामा, मावशी, सगळे ठणठणीत म्हणे. लपवतायत. मुलगा म्हणाला, बाबा, पुरे करा आता. केलं. दुपारपर्यंत.
सून ताट ठेवते आणि आत जाते. इंजेक्शन मी देतो म्हटलं, तर म्हणे तुमचा हात थरथरतो. साफ खोटं. संत्र्यावर सराव सुरू केलाय.

९ जुलै
ठरलं. माझंच रक्त तपासायचं. रिपोर्ट सुनेपुढे ठेवायचा, विषय संपला.

१२ जुलै
शुगर नॉर्मल. म्हटलं नव्हतं?
पण बीपी बघायला बाईंनी बाही वर सारली. कोपरावरचे पांढरे डाग बघून दुसराही हात मागितला. मी म्हटलं, बॅटरीचं अ‍ॅसिड. त्या म्हणाल्या, हे कोड आहे, इथं राखणदारांनी रंगाच्या पेशी मारल्या. एकाच घरात अशा गोष्टी कधीकधी सोबत दिसतात. मी म्हटलं, अ‍ॅसिड. त्यांनी विचारलं, घरात थायरॉइड कुणाला? बहिणीला आहे. पण ती लग्न होऊन गेली, आता आमच्यात धरत नाही.

१३ जुलै
उकाडा होता म्हणून हाफ शर्ट घातला. नातीने विचारलं, आजोबा, अ‍ॅसिड दोन्ही कोपरांवर सारखंच कसं उडालं? म्हटलं, हात बसलेला होता. ती म्हणाली, तुमचा वॉचमनपण येडाच आहे की. सून हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. मग इन्सुलिनचं पेन माझ्या हातात दिलं.
लाइट पुरेसा नव्हता. चष्माही जुना. शिवाय संत्रं हलत नाही.
नातीने पेन काढून घेतलं, स्वतःच टोचलं. म्हणाली, आजोबा, डोळे उघडा, झालं.