बाबांनी नाव नोंदवलं

दि. ४ जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तुला ऑफिसात ओरडायला लाज वाटते, म्हणून पत्र. रविवारी तू संस्थेतर्फे एकट्या म्हाताऱ्यांकडे जातेस, त्यांची नखं काढतेस, पेपर वाचून दाखवतेस, असं शेजारीणबाई सांगत होत्या. अभिमान वाटला. नखं मलाही आहेत. म्हणून काल तुमच्या संस्थेत जाऊन नाव नोंदवलं. तुम्हाला कोणी आहे का, असं तिथल्या बाईंनी विचारलं. मुलगी आहे, पण ती समाजसेवा करते, म्हटलं. बाईंनी लगेच नाव लिहून घेतलं.

तुझा,
बाबा

दि. ११ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुम्ही माझी चांगलीच शोभा केलीत. बाई आता मला बघून घसा खाकरतात. पण स्वतःच्या नातेवाइकांकडे जायचं नाही असा संस्थेचा नियम आहे, म्हणून तुमच्याकडे आमचे शिंपीदादा येतील. भला माणूस आहे. राजकारणावरून त्यांच्याशी भांडू नका आणि उसवलेल्या उशा पुढे करू नका. मीच आले असते, पण संस्थेने मला दिलेल्या आजी रविवारी दुपारपासून माझी वाट बघत खिडकीत बसून असतात.

रागावला असाल तरी माया तेवढीच ठेवावी,
चिमणी

दि. २५ जून

चि. चिमणीस, अ. उ. आ.

शिंपीदादा आले. नखं उत्तम काढली. उशाही शिवल्या, मी काही म्हटलं नव्हतं, उशा समोर होत्या. बोलता बोलता म्हणाले, त्यांची आई रविवारी घरी एकटी असते, पण संस्थेची एक मायाळू मुलगी येऊन बसते. मुलीचं नाव विचारलं. ती तूच निघालीस. तुमच्या दोघांच्या बस वाटेत एकमेकींना ओलांडत असणार.

माणूस खरंच चांगला आहे. तो गेल्यावर मात्र दार लावताना तुझी आठवण येते. ते त्याला सांगता येत नाही.

बाबा

दि. २ जुलै

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आजींना सगळं सांगितलं. मुलगा रविवारी कोणाचं तरी भलं करायला जातो, एवढंच त्यांना माहीत होतं.

मी येत्या रविवारची रजा मागितली. घरी कोणी आजारी आहे का, असं बाईंनी विचारलं. म्हटलं, नाही, बाबा ठणठणीत आहेत, म्हणूनच जायचंय. बाईंना हे कारण कुठे बसवावं कळेना. तेवढ्यात माझ्यामागे उभे असलेले शिंपीदादा म्हणाले, त्यांनाही तोच रविवार हवा आहे, आणि कारणही तेच लिहा.

येतेच आहे, तेव्हा लोभ समोरासमोर मागेन,
चिमणी