सातशे दहाव्या रेघेनंतर

३ फेब्रुवारी १९९७, सोमवार

आजपासून आमचं बोट हेच यंत्र! मोबाईल फोनच्या रबरी कीपॅडची कळ लाख वेळा दाबून टिकली, तरच बंगलोरची कंपनी ऑर्डर देणार. दाबायचं यंत्र तैवानहून आलंय, पण गोदीत अडकलंय. कारखान्याचे मालक हरिहर सर म्हणाले, "हाताने दाबू. सतरा तारखेला त्यांची माणसं येणार, तोवर होईल."

एक नमुना माझ्याकडे, एक रबराच्या कडा कापणाऱ्या ठमाबाईंकडे. दोन्ही एकाच साच्यातले, दोन्हींत पाचाची कळ. दाबली की समोरचा बारीक बल्ब लागतो. शंभर झाले की मी नोंदवहीत एक रेघ मारतो. ठमाबाईंना लिहिता येत नाही. त्या शंभराला एक चिंचोका वाटीत टाकतात. हजार रेघा झाल्या की लाख.

वही माझ्याकडे, कारण अक्षर. "दहावी नापास, पण एक वेलांटी चुकत नाही" — सर सगळ्यांदेखत म्हणाले.

५ फेब्रुवारी

तीनशे रेघा. ठमाबाई पुढे — तीनशे साठ. आणि तोंड चालूच! मोठागावची खाडी, सुनेचे रुसवे, जाळ्यात आलेला साप. "काय मास्तर, बोटाला झोप लागली काय?" मी बोललो की माझा आकडा चुकतो. त्यांचा कसा चुकत नाही?

१० फेब्रुवारी

सुटायच्या वेळी ठमाबाई म्हणाल्या, "मेली रं मास्तर. कळ मेली."

बल्ब लागेना. चिंचोके मी तीनदा मोजले. आठशे चाळीस. चौऱ्याऐंशी हजारांत कळ गेली, म्हणजे ऑर्डर गेली!

मी म्हणालो, "बोलण्याच्या नादात चिंचोके टाकायचे राहिले असतील." त्या म्हणाल्या, "कोळीण हाय मी. टोपलीतला बोंबील चुकत नाय माजा, चिंचोका चुकंल?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

वहीत लिहिलं — 'ठमाबाई : मोजणी अविश्वसनीय. नमुना बाद.' सरांनी वाचलं आणि त्यांना परत रबराच्या कडा कापायला बसवलं. माझ्या लिहिण्यावर त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही.

११ फेब्रुवारी

सातशे दहा रेघांवर थांबलो. नखाखाली पू. डॉक्टरांनी चीर दिली. दोन दिवस रजा. नमुना माझ्या खणात ठेवून आलो.

१५ फेब्रुवारी

बोटाला पट्टी. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या दोनशे नव्वद रेघा मारल्या. कळ न दाबता. लिहून टाकलं एकदाचं.

मागे ठमाबाई उभ्या होत्या! कधीपासून, कोण जाणे. हळूच म्हणाल्या, "मार, रेघा मार. पन आदी खन उघडून कळ एकदा दाबून बघ रं."

मी म्हणालो, "तुम्ही तुमच्या कडा कापा."

गेल्या. दुपारभर कडा कापत राहिल्या.

१७ फेब्रुवारी

पास! बंगलोरचे साहेब वहीच उलटत राहिले. "ब्यूटिफुल रेकॉर्ड!" नमुना मागितलासुद्धा नाही. सरांनी माझी पाठ थोपटली, पेढे वाटले. ठमाबाईंनी पेढा घेतला, खाल्ला नाही. पदरात बांधला.

२ एप्रिल

दुसरी पाळी सुरू. सात नवी माणसं. मी अजून तो खण उघडलेला नाही. सामान शेजारच्या खणात ठेवतो.

१८ जून

खोकी परत आली. टेम्पो भरून!

बंगलोरला आमचा माल त्यांच्या यंत्रावर लावला. कळा ऐंशी-पंच्याऐंशी हजारांत मेल्या. ऑर्डर रद्द. सर टेम्पोच्या फळीला हात टेकून उभे होते. म्हणाले, "नाथा, आपल्या वहीत तर लाख आहेत ना रे?"

मी हो म्हणालो. हो म्हणालो!

२३ जून

आठ माणसं कमी करायची. कोणाला ते ठरवायला सरांनी वही मागून घेतली. सात नव्यांआधी एक नाव लिहिलं — ठमाबाई. इथे सर्वांत जुन्या, आठ वर्षं. शेजारी माझा शेरा, माझ्या स्वच्छ अक्षरात.

जाताना त्यांनी आपली वाटी तेवढी घेतली. माझ्यापाशी थांबल्या. "बोट बरा झाला ना रं?"

मान हलवली.

२४ जून

उद्या सरांना सगळं सांगणार. माझी नोकरी जाईल. जाऊ दे. ठमाबाईंना परत बोलवा, एवढंच मागायचं. पुरावा म्हणून माझा नमुना दाखवीन — सातशे दहाव्या रेघेनंतर मी ती कळ दाबलेलीच नाही. अजून जिवंत असेल; लाख वेळा दाबली असती तर केव्हाच मेली असती.

२५ जून

खण उघडला. नमुना जोडला. कळ दाबली.

बल्ब लागला नाही. पुन्हा, जोरात. नाही.

नमुन्याखाली चिंधीची एक पुरचुंडी होती. तिच्यात चिंचोके. मी रजेवर होतो, त्या दोन दिवसांतले.

तीनदा मोजले. एकशे तीस. माझ्या सातशे दहात मिळवले — आठशे चाळीस.