साखराबाईंचा खांदा आणि उखळीचा सांधा

लातूर, शिकवण्यांच्या गल्लीतून

तीर्थस्वरूप आप्पांना,

धाकटी बहीण उज्वला हिचा साष्टांग नमस्कार. आजवर हे दोन शब्द सवयीनं लिहीत आले. आता लिहिताना कळतं की खरा साष्टांग घालायचा तर मान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे एवढं सगळं एकदम कामाला लावावं लागतं, आणि त्यातला एक सांधा दुसऱ्यासारखा नसतो. तेव्हा नमस्कार जरा मोठाच समजून घ्यावा. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा कसा आहे? (जिना उतरताना तो कटकट वाजतो म्हणून त्यांनी जिवाला लावून घेऊ नये. नुसता वाजणारा गुडघा वेगळा आणि दुखणारा वेगळा.) फोन का केला नाही म्हणाल, तर इथला एसटीडीवाला काचेला कान लावून बसतो, आणि तिकडं तुमच्यासाठी आलेला फोन पानपट्टीवाला आधी स्वतः ऐकून घेतो. आम्ही मायलेक मजेत आहोत. भागवतचा अभ्यास जोरात चालू आहे.

हे सांध्याचं वेड मला कुठून लागलं ते सांगते. भागवतला दहावीला चांगले मार्क पडले आणि ह्यांनी त्याला डॉक्टर करायचं ठरवलं. भागवतला विचारायचं राहून गेलं. (मलाही, पण ते नेहमीचंच.) बिलोलीच्या पेंटरकडं दवाखान्याच्या पाटीच्या अक्षरांची चौकशीसुद्धा झाली, आणि पोराला जेवण करून घालायला मी लातूरला आले. इथं गल्लीच्या गल्ल्या अशा आयांनी भरल्यात. पोरं शिकवणीला गेली की आम्ही रिकाम्या. आमच्या घरमालकीण साखराबाई म्हणतात, किल्लारीच्या भूकंपानं लातुरात माणसं आली त्यापेक्षा बारावीनं लई आली. त्या स्वतः भूकंपात आलेल्या, त्यामुळे त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे.

तर भागवत रात्री पाठांतर म्हणायचा आणि मी पुस्तक धरून बसायची. इंग्रजी शब्द मला अडायचे, पण आमच्या शेजारच्या खोलीतल्या सालेहाआपांची नाजिया (नांदेडचं कुटुंब, आपांच्या मालकांचं तिथं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे) सगळं मराठीत समजावून सांगते. तिनं सांगितलं की कवटीच्या हाडांचे सांधे हलतच नाहीत, पाठीच्या मणक्यांचे जरासे हलतात, आणि बाकीचे मोकळे. मोकळ्यांतही जाती. कोपर म्हणजे दाराची बिजागरी, एकाच बाजूला उघडणार. मानेत वरती खुंटीचा सांधा, त्याच्यावर डोकं डावीउजवीकडं फिरतं. मनगटात बारीक हाडं एकमेकांवर सरकतात. अंगठ्याच्या बुडाशी खोगिराच्या आकाराचा सांधा. आणि खांदा नि मांडी म्हणजे उखळीत बसवलेला गोळा, तो चहूकडं फिरतो.

आप्पा, एवढी वर्षं हे सगळं अंगावर वागवलं आणि कधी बघितलं नाही, याचं मला फार नवल वाटलं. मग मी बघायलाच लागले. 'नाही' म्हणताना मान जिथून फिरते तिथून 'हो' म्हणताना वाकत नाही, 'हो'चा सांधा त्याच्या वरचा, हे कळल्यावर मी भाजीबाजारात उभी राहून आधी 'नाही' मग 'हो' असं करून पाहिलं. वांगीवाल्यानं वांगी तीनदा पारड्यात टाकली आणि तीनदा काढली, आणि शेवटी मला म्हणाला, मावशी, घरी विचारून या. अंगठ्याचं महत्त्व पाहावं म्हणून एक दिवस अंगठा पदराच्या चिंधीनं तळहाताला बांधून भाकरी थापली. ती भाकरी भागवतनं निमूट खाल्ली. (गुणाचा पोरगा आहे.) कानापुढं बोट ठेवून चावलं की जबड्याचा सांधा पुढं सरकलेला कळतो, हे तुम्हीही करून पाहा, पण मी लग्नाच्या पंगतीत केलं तसं करू नका, वाढपी घाबरतो.

उखळीचा सांधा मात्र बाहेरून कळेना. गोळा आत कसा बसतो, निसटत का नाही, हे काही केल्या दिसेना. शेवटी मी सालेहाआपांना म्हटलं, बोकडाच्या मागच्या तंगडीला असतोच की. आता आपल्या घरात मटण उंबऱ्याच्या आत येत नाही, साखराबाईंच्या गळ्यात माळ आहे, आणि इथं मटण शिजवायचं नाही या बोलीवरच सालेहाआपांना खोली मिळालेली. पण त्यांनी मोठा बारकाईनं विचार केला आणि म्हणाल्या, "भाभी, शिजवायचं नाही असं ठरलंय. बघायचं नाही असं कुठं ठरलंय?" त्यांनी खाटकाकडून तंगडी कमरेच्या हाडासकट सबंध आणली आणि आम्ही दोघी दुपारी पाण्याच्या टाकीमागं बसलो. मी आधी लांब होते, मग जवळ सरकले, मग सुरी माझ्याच हातात होती. गोळा ओढला तर निघेना. जोर लावला तेव्हा चप् असा आवाज झाला, आणि आत काय सुंदर दिसलं म्हणून सांगू! पांढराशुभ्र, गुळगुळीत, वर बुळबुळीत ओल. आणि गोळ्याच्या मधोमध एक बारीक दोरी, उखळीच्या तळाशी बांधलेली. ती दोरी आत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात साखराबाई मागं उभ्या. "माझ्या घरात काय कापायलाव गं तुमी?" मी सुरी पदराखाली लपवली. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी खोल्या मोकळ्या करा. दोघी बी." आप्पा, परीक्षा तोंडावर आल्यावर या गल्लीत खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. सालेहाआपा रडायलाच लागल्या, नाजियाचं काय होईल म्हणून. आणि मला वेडीला काय सुचावं, तर मी म्हटलं, हाकलायचं तर हाकला, पण आधी हे बघा तरी. आणि गोळा उखळीत ठेवून गोल फिरवून दाखवला.

साखराबाई तोंडाला पदर लावून वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माणसाच्या खांद्यात बी हेच हाय?" मी म्हटलं, असंच, फक्त खांद्याची उखळी बशीसारखी उथळ असते, म्हणून हात सगळ्यात जास्त फिरतो आणि सगळ्यात लवकर निखळतो. "मंग माझा का फिरंना?" त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. इतके महिने मी पाहत होते की त्या डोक्यावरचा पदर डाव्या हातानं ओढतात, केस सुनेकडून विंचरून घेतात. मला वाटायचं, सवय असेल.

गणपती बुडवून गाव झोपलं होतं, तेव्हाच्या, भूकंपाच्या पहाटेची ही गोष्ट. भिंत पडली तेव्हा साखराबाई सगळ्या दगडमातीखाली आणि हा एक हात तेवढा बाहेर. लोकांनी त्या हातालाच धरून ओढून काढलं. तेव्हा खांदा निखळला होता, तो छावणीत बसवला, झोळीत बांधला. आणि झोळी सोडा म्हणून सांगायला परत कुणी आलंच नाही. पुढं कधी डॉक्टरला का दाखवला नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्यानंच मला वर काढलं बाई. त्याला आता आनखी वर हो म्हनून कोनत्या तोंडानं सांगू?" तंगडी सालेहाआपांनी फडक्यात गुंडाळून बहिणीकडं पाठवून दिली.

खोल्या मोकळ्या करायचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही साखराबाईंना हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. त्यांनी फोटो काढला आणि म्हणाले, गोळा जागेवर आहे, पण सांध्याभोवतीची पिशवी न वापरल्यानं आवळून बसली आहे. मी विचारलं, ती पिशवी आतून चिकटते का बाहेरून? वंगण आटतं का? खांद्यातही मांडीसारखी दोरी असते का? डॉक्टरांनी (नाही, खांद्यात ती नसते) चष्मा काढून मला विचारलं, "तुम्ही कोणत्या बॅचच्या?" साखराबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "आमच्याच घरात ऱ्हातेत."

तेव्हापासून रोज सकाळी साखराबाई भिंतीपुढं उभ्या राहून बोटांनी भिंत चढतात. आधी त्या भिंतीजवळ उभ्या राहायलाच तयार नव्हत्या, म्हणून सालेहाआपा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. ओरडायच्या, आम्हाला शिव्या द्यायच्या. हात काही पुरता वर जाणार नाही असं डॉक्टर म्हणालेच होते. पण गेल्या सोमवारी त्यांनी उजव्या हातानं डोक्यावर पदर घेतला. घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मग आत जाऊन स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. तो कानावर आला होता. दिवसभर तसाच मिरवला, सुनेला हात लावू दिला नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, पोरांच्या गालगुच्च्यांसाठी माझी बोटं शिवशिवतायत.

तुमची,
उज्वला

ता. क. भागवतचा अभ्यास जोरात आहे असं वर लिहिलं ते खरंच आहे, पण तो गणिताचा. त्या दुपारी शिकवणीहून येऊन त्यानं टाकीमागं डोकावलं आणि तिथंच भोवळ येऊन बसला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, आई, मला पूल बांधायचेत. जीवशास्त्र त्यानं सोडलं आहे. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं पोटभर जेवण केलं, म्हणून मी त्याला अडवलं नाही.

ता. क. दुसरा. आता पुस्तकं घरात आहेत आणि वाचणारी मी एकटीच. शास्त्र शाखेला बाहेरून बसता येत नाही, प्रात्यक्षिकं असतात. म्हणून मी नाजियाला घेऊन कॉलेजातच जाऊन विचारलं. अकरावीला वयाची आडकाठी नाही म्हणाले. तेव्हा माझा दहावीचा दाखला तुमच्या लोखंडी कपाटात असेल तो रजिस्टर टपालानं पाठवा. आणि ह्यांना दोन्ही गोष्टी तुम्हीच सांगायच्या, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. आधी भागवतचं सांगा. रागावून रागावून दमले आणि चहा मागितला, की मग माझं सांगा.